मुलीसारखी न दिसणारी मुलगी माझ्या मुलीला दरवेळी हरवते. आक्षेप घ्यावा का?

नका घेऊ.

तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी ज्युनियर कॉलेजच्या स्पर्धांत 800 मीटर धावते आणि एक उंच, घोगऱ्या आवाजाची, आखूड केसांची मुलगी दोन वर्षं तिला शेवटच्या दीडशे मीटरमध्ये मागे टाकते. निसर्गानंच एखादीला जास्त दिलं असेल तर ते न्याय्य कसं, असंही विचारलंय. 1997 साली ती घोगऱ्या आवाजाची मुलगी मी होते, म्हणून लिहायला बसले.

आम्ही नागपुरात गोपालनगरला राहायचो. पहाटे पाचला अंबाझरी तलावाच्या पाळीवर धावायचं, रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी 800 मीटर जिंकले. मातीचा ट्रॅक, कॅनव्हासचे बूट, 2 मिनिटं 21 सेकंद. गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होते, तेवढ्यात दुसऱ्या आलेल्या मुलीच्या कॉलेजचे मॅनेजर टेबलाशी गेले आणि लेखी आक्षेप देऊन आले. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "हा पोट्टा व्हय, पोट्टी नोहे." लोक हसले. आई डबा घेऊन आली होती. तिनं ते ऐकलं. टेबलावरच्या माणसानं मला सगळ्यांदेखत सांगितलं, आधी डॉक्टरचा दाखला आण, मग मेडल ने.

दुसऱ्या दिवशी आईनं मला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाहेर बाकावर सगळ्या गरोदर बाया, त्यांच्यात मी ट्रॅकसूट घालून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मला तपासलं नाही, जन्माचा दाखला पाहिला, दोन ओळी लिहून दिल्या आणि फी घेतली नाही. मेडल पंधरा दिवसांनी खाकी पाकिटात मिळालं. ऑफिसात, शिपायाच्या हातून.

खरा घाव मात्र आमच्या सरांनी घातला. त्यांनी मला घडवलं हे मी आजही मानते. पण त्या दिवशी त्यांनी मॅनेजरला एक शब्द सुनावला नाही. मला म्हणाले, "केस वाढव, कानात काही घालत जा, म्हणजे कोणी बोलणार नाही." मी सीताबर्डीवरून दहा रुपयांच्या रिंगा आणल्या. पुढच्या हंगामात शेवटच्या वळणावर माझा हात सारखा कानाकडे जायचा, रिंग आहे ना म्हणून. ज्या वळणावर पूर्वी मी मुली मोजत पुढे जायची, तिथे मी कान चाचपत होते. बीए झालं आणि धावणं सुटलं.

नंतर वाचलं, माझ्या प्रसंगाच्या आदल्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3,387 महिला खेळाडूंची लिंगचाचणी झाली होती. आठ जणींमध्ये एसआरवाय जनुक सापडला, जो एरवी पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असतो. आठही जणींना खेळू दिलं. 1999 मध्ये ऑलिंपिक समितीनं ती सरसकट तपासणीच थांबवली. 2006 मध्ये दोहा एशियाडनंतर तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं 800 मीटरचं रौप्यपदक लिंगचाचणीवरून काढून घेतलं, तेव्हा मी टीव्ही बंद करून टाकला. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची पोर, आणि तिच्या शरीराची चर्चा घराघरात.

आता तुमचा न्यायाचा प्रश्न. लांब पाय, मोठी फुप्फुसं हे निसर्गाचं देणं आहे आणि खेळ त्यावरच चालतो. फिनलंडचा स्कीअर एरो मॅन्टिरान्टा जन्मजात दोषामुळे रक्तात जास्त तांबड्या पेशी घेऊन आला होता. 1964 च्या ऑलिंपिकमध्ये त्यानं दोन सुवर्णपदकं जिंकली, कोणी काढून घेतली नाहीत. पण हे उदाहरण देऊन "मग सगळंच चालू द्या" म्हणणारेही मला पटत नाहीत. 800 मीटरचा पुरुषांचा विक्रम 1:40.91, महिलांचा 1:53.28. वयात येताना शरीराला मिळणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक या बारा सेकंदांमागचं मोठं कारण आहे. महिलांचा गट वेगळा काढला तो त्यासाठीच. तिथे रेघ हवी. दक्षिण आफ्रिकेची 800 मीटर धावपटू कॅस्टर सेमेन्या हिच्या प्रकरणात 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं म्हटलं की टेस्टोस्टेरॉन कमी करायला लावणारा नियम भेदभाव करणारा आहे, तरीही गरजेचा आहे. तिच्यासाठी जीव तुटतो, पण लवादाची अडचण मला कळते.

2025 च्या सप्टेंबरपासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीला एसआरवाय चाचणी आयुष्यात एकदा सक्तीची केली. ती बातमी आली त्या सकाळी सर अंबाझरीला भेटले. "पाहा, आता जगच तपासून राहिलं. माझंच खरं झालं." नाही सर, तुमचं नाही झालं. ही चाचणी सगळ्यांची आहे, गालाच्या आतून कापसानं किंवा रक्तानं, स्पर्धेच्या आधी. माझी एकटीची मागितली होती, जिंकल्यानंतर, चेहरा बघून. हरले असते तर कोणी दाखला मागितला असता का? कानात रिंगा घातल्यानं कुठला जनुक बदलतो? तुम्ही तेव्हा त्या टेबलाशी जाऊन एवढंच विचारायचं होतं.

हेही सांगायला हवं की जनुक सापडला म्हणजे फायदा मिळालाच, असं नाही. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होझे मार्टिनेझ-पाटिनो 1985 मध्ये गुणसूत्रांच्या तपासणीत अडकली. तिच्या शरीराला टेस्टोस्टेरॉनचा उपयोगच होत नव्हता, तरी परत यायला 1988 उजाडलं. पूर्णपणे अशी अवस्था असलेल्या खेळाडूंना आताच्या नियमात सूट आहे. आणि हे नियम जागतिक पातळीचे आहेत, तुमच्या आमच्या मैदानावरच्या पोरींना लावायचे नाहीत. आवाज आणि केस तर कुठल्याच नियमात नाहीत.

तुमच्या मुलीचं म्हणाल, तर तिचे दोन्ही लॅप वेगळे मोजा. पहिला 66 सेकंदांत आणि दुसरा 80 च्या पुढे जात असेल, तर शेवटच्या दीडशे मीटरचं कारण तिथेच आहे. पहिला 70 ला धावायला सांगा आणि आठवड्यातून एकदा चढावर न्या. सेमिनरी हिल्सला पहाटे गर्दी नसते. आणि त्या दुसऱ्या मुलीला, जमलं तर, शर्यत संपल्यावर पाणी द्या. मला त्या दिवशी फक्त आईनं दिलं होतं.