सिलिकॉनच्या कॅथेटरवर चांदीचा जिवाणूरोधक थर टिकत नाही, धुताना निघून जातो. काय करावं?

सिलिकॉनला चांदी थेट धरत नाही. मध्ये पॉलिडोपामिनचं (डोपामिनपासून बनणाऱ्या चिकट बहुलकाचं) अस्तर द्या. कॅथेटरचे तुकडे आयसोप्रोपेनॉलने स्वच्छ करा. १० मिलिमोलर ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ८.५, त्यात दर मिलिलिटरला २ मिग्रॅ डोपामिन. तुकडे त्यात बुडवून उघड्या भांड्यात २४ तास ढवळा. द्रावण आधी गुलाबी, मग तपकिरी-काळं होतं. झाकण घट्ट लावलंत तर ऑक्सिजन मिळत नाही आणि थर अर्धवट राहतो. थर साधारण ५० नॅनोमीटरचा बसतो. तुकडे उभे टांगा. आडवे ठेवले की द्रावणातला काळा गाळ वर बसतो आणि नंतर तोच पापुद्र्यासारखा सुटतो. तुमचंही बहुधा असंच काहीसं होत असावं.

मग विआयनित पाण्याने नीट धुऊन ५–१० मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये अंधारात ठेवा. बफरमधलं क्लोराइड उरलं तर पांढरा सिल्व्हर क्लोराइड पडतो, म्हणून या टप्प्यावर सलाइन वर्ज्य.

चांदी वाढवत नेऊ नका, शरीराच्या पेशीही मरतात; आयएसओ १०९९३-५ची (पेशींना विषारी आहे का ते पाहणारी) चाचणी सोबतच करा. आगार प्लेटवर तुकड्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ फक्त सुटणारी चांदी दाखवतं. जिवाणू चिकटतात का, ते वेगळं मोजावं लागतं.