हँडलचा डँपर: दुरुस्ती करावी की नवा बसवावा?

प्रश्न (अमळनेर): वडिलांची जुनी येझदी 250 अजून चालू स्थितीत आहे. हँडलच्या मधोमध डँपरचा, म्हणजे हँडलची थरथर रोखणाऱ्या यंत्रणेचा, जो नॉब आहे, तो कितीही आवळला तरी काही फरक पडत नाही आणि पन्नासच्या पुढे हँडल थरथरतं. मिस्त्री म्हणतात, "नवा हायड्रॉलिक बसाडी ल्या" (तेलाच्या रोधावर चालणारा नवा डँपर बसवून घ्या). काय करावं?

उत्तर: जुनाच दुरुस्त करा. पण त्याआधी कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं तो गोळ्यांचा बेअरिंग-संच) बघा, कारण थरथरीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं आणि डँपर ते नुसतं झाकून ठेवतो.

नॉब पूर्ण सैल करा. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागे एकाला दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा. 'टक' असा धक्का हाताला लागला तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल एका बोटाने अगदी सावकाश फिरवा. बरोबर मधोमध ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर वाट्यांवर गोळ्यांचे खड्डे पडले आहेत. आवळून हा दोष जात नाही. वरच्या-खालच्या वाट्या, कोन आणि गोळ्या असा सगळा संच एकदम बदलावा लागतो. जुन्या गोळ्या काढताना मोजून ठेवा आणि मापही घ्या. ग्रीस बेताचंच भरा. ते जास्त झालं तर आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पातळ होऊन खाली उतरतं आणि थेट डँपरच्या चकत्यांवर पडतं. नॉब आवळूनही पकड येत नाही, याचं हेही एक नेहमीचं कारण आहे. नवा संच बसवल्यावर साधारण 300 किलोमीटरनी ढिलाई पुन्हा तपासा, कारण वाट्या जागेवर बसल्या की थोडी फट पडते.

आता डँपर. नॉबचा लांब रॉड स्टेमच्या (फोर्कच्या मधल्या उभ्या नळीच्या) पोकळीतून खाली जातो आणि खालच्या बाजूला चकत्या दाबतो. त्यातली एक पत्री फ्रेमला अडकवलेली असते, बाकीचे भाग फोर्कबरोबर फिरतात. खालची पिन किंवा नट काढला की सगळं सुटं होतं. ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा. जुन्या चकत्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरड्या घासू नका आणि हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. तेल मुरलेली चकती पुन्हा धरत नाही. तेवढ्याच जाडीची, ॲस्बेस्टॉस नसलेली नवी चकती क्लच-लायनिंगचं काम करणाऱ्याकडून कापून घ्या. रबराची अजिबात लावू नका. रबर चिकटून बसतं आणि मग एकदम सुटतं, त्यामुळे हँडल झटके मारतं. फ्रेमला अडकणाऱ्या पत्रीचं भोक लांबट झालं असेल तर तेही भरून घ्या, नाहीतर हँडल दोन्हीकडे थोडं मोकळंच फिरेल आणि डँपर नेमका तेवढ्या भागात काम करणार नाही.

दुरुस्तीनंतर गावात नॉब सैलच ठेवा. घर्षणाच्या डँपरचा रोध हँडल हळू फिरवा की जोरात, जवळजवळ सारखाच असतो. उलट हलायला सुरुवात करताना तो सगळ्यात जास्त असतो. म्हणून बाजारातल्या गर्दीत आवळलेल्या नॉबने गाडी नागमोडी चालते. हायड्रॉलिकमध्ये धक्का जितका वेगाचा तितका रोध मोठा. हा त्याचा खरा फायदा आहे, पण साठ-सत्तरच्या वेगाने चालणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. शिवाय त्यासाठी जुन्या फ्रेमवर वेल्डिंग करणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न (धुळे): 390 सीसीच्या गाडीला बाहेरून घेतलेला हायड्रॉलिक डँपर आहे. रॉडवर तेल येतं. सील बदलू की चांगल्या कंपनीचा घेऊ? शिरपूरपर्यंत हायवेनेच जाणं-येणं असतं.

उत्तर: डँपर सोडवून हातात घ्या. रॉड या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ढकला, ओढा. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. दिशा बदलताना क्षणभर हात मोकळा गेला तर आत हवा शिरली आहे. मग रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवं सीलही थोड्याच दिवसांत गळेल. रॉड गुळगुळीत असेल आणि टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी, काढता येणारी कडी) दिसत असेल तर दुरुस्ती करण्यासारखी आहे. टोक दाबून बंद केलेलं असेल तर तो डँपर उघडण्यासाठी बनवलेलाच नाही, तिथे नवाच घ्यावा. आत गॅसचा दाब असलेला डँपर घरी उघडू नका.

सील रॉडच्या आणि खोबणीच्या मापानेच घ्या, व्हर्नियर (बारीक माप घेण्याची पट्टी) लावून. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. घट्टपणा वाढावा म्हणून जाड तेल भरलं तर साधं वळतानाही हँडल जड होतं. तेल भरताना रॉड हळूहळू आत-बाहेर करत राहा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. मगच बंद करा.

बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. हँडल फ्रेमच्या स्टॉपरला टेकलं पाहिजे आणि तेव्हाही डँपरच्या रॉडची थोडी चाल शिल्लक राहिली पाहिजे. डँपरच स्टॉपर झाला तर क्लँप तुटतो किंवा रॉड वाकतो. हे तपासणं सर्रास राहून जातं, म्हणून मुद्दाम सांगतो आहोत. सेटिंग सगळ्यात सैल ठेवून सुरुवात करा आणि एकेक क्लिक वाढवा. चाक अधांतरी असताना हलक्या धक्क्याने हँडल स्वतःच्या वजनाने एका बाजूला गेलं नाही, तर एवढं आवळणं जास्त झालं. जळगाव-धुळ्याच्या उन्हात तेल पातळ होतं, त्यामुळे उन्हाळ्यात एखादा क्लिक वाढवावा लागतो. थंडी पडली की तो आठवणीने परत घ्या.

प्रश्न (शहादा): साध्या 125 सीसीच्या गाडीवर मागे दोन गोण्या बांधल्या की हँडल हलतं. डँपर लावू?

उत्तर: नको. ओझं मागे गेल्यामुळे पुढचं चाक हलकं होतं. गोण्या पुढे, सीटला लागून बांधा. मागच्या टायरमध्ये चेनकव्हरवर लिहिलेली, दोघांच्या वजनासाठीची हवा भरा. पुढचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर तो बदला.