पान चार, कलम सात

पोरी, आशीर्वाद.

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. गाणं आधीच फोनवर ऐकलं होतं, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. आईच्या कोयत्याचं कडवं आलं तेव्हा तुझ्या काकूनं निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली, एवढं पुरे. मुंबईच्या कंपनीचा करार मात्र दोनदा वाचला. मग चष्मा पुसून पान चार पुन्हा वाचलं.

तू लिहिलंयस, "काका, माणसं चांगली आहेत. मुंबईला बोलावून रेकॉर्डिंग करून दिलं, एक रुपया घेतला नाही. आता सहीला मागेपुढे करणं बरं दिसेल का?"

या 'बरं दिसेल का'पायीच आज तुला एका लांबच्या बाईची हकिगत सांगतो. लॉरेटा लिन. अमेरिकेतली कंट्री गायिका. कंट्री म्हटलं की आपल्याला टोपीवाला काउबॉय आठवतो, पण ते गाणं मुळात डोंगरातल्या, शेतातल्या, खाणीतल्या माणसांचं. फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्यांचं, बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचा, आणि शब्द घरातले. नवरा पिऊन आला, पोरं उपाशी निजली, बाप राबून गेला. तुझी आजी जात्यावर बसून जे गायची, त्याच्या फार लांबचं नाही.

लॉरेटा १९३२ साली केंटकी राज्यात जन्मली. गावाचं नाव बुचर हॉलर. गाव कसलं, डोंगराच्या खोबणीतली वस्ती. आठ भावंडांत ती दुसरी, बाप कोळशाच्या खाणीत. १९४८ च्या जानेवारीत तिचं लग्न झालं. तेव्हा आपण तेरा वर्षांच्या होतो असं ती जन्मभर सांगत आली. २०१२ साली जुनी कागदपत्रं उजेडात आली तेव्हा पंधरा निघाली. (स्टेजवरच्या माणसाच्या वयाचं गणित कुठल्याच मुलखात जुळत नाही, हे बघून मला बरं वाटलं.) नवऱ्यानं तिला पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात नेलं. विशीच्या आसपास पदरात चार पोरं. तिथं नवऱ्यानं सतरा डॉलरची गिटार आणून दिली. शिकवायला कुणी नव्हतं. घरकाम उरकून स्वतःच बोटं बसवली.

हा नवरा मोठा विचित्र माणूस. दारू प्यायचा, बाहेरख्याली होता, आणि तरीही बायकोच्या गळ्यावर तिच्याआधी त्याचाच विश्वास बसला. तिच्या कितीतरी गाण्यांत तो सापडतो, आणि त्यात त्याची धडगत नसते. १९९६ साली तो गेला तोवर संसार टिकला. अशा माणसाचं काय करायचं ते मला विचारू नकोस.

१९६० साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली, एका अगदी छोट्या कंपनीकडून. जाहिरातीला पैसे कुठले? दोघं नवरा-बायको गाडीत बसली आणि रेडिओ स्टेशनं शोधत निघाली. रात्री गाडीतच झोपायचं, वाटेत ब्रेडच्या दोन कापांत काहीतरी घालून खायचं. स्टेशनचा मनोरा दिसला की गाडी थांबवायची, रेकॉर्ड घेऊन आत जायचं आणि निवेदकाला म्हणायचं, एकदा वाजवून तर बघा. तू रील टाकतेस आणि रात्रभर आकडे बघत बसतेस, तसं नव्हे. ही बाई दारोदार जाऊन माणसाच्या तोंडाकडे बघत होती. ते गाणं कंट्रीच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर चढलं. त्याच वर्षी ती नॅशव्हिलमध्ये 'ग्रँड ओल ऑप्री'च्या मंचावर उभी राहिली. कंट्रीवाल्यांची ती पंढरीच.

आता नीट वाच. नॅशव्हिलमध्ये तिला विल्बर्न नावाचे गायक भाऊ भेटले. त्यांनी हात दिला, मोठ्या कंपनीशी गाठ घालून दिली, पुढं आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. यात खोट काही नाही, खरोखरच त्यांनी तिला वर काढलं. आणि तिनं लिहिलेली गाणी त्यांच्या प्रकाशन कंपनीत, म्हणजे शब्द-चालीचे हक्क ठेवणाऱ्या कंपनीत, गेली. खाणीतून आलेली, चार पोरांची आई. समोरच्यानं दार उघडून दिलं असताना कागदातली कलमं ती कशी मोजणार? तिलाही वाटलं असेल, बरं दिसेल का.

त्यानंतरची दहा वर्षं तिची. १९७० साली 'कोल मायनर्स डॉटर' आलं, बापाच्या राबण्याचं, आईच्या बोटांतून निघणाऱ्या रक्ताचं गाणं. बाप ते ऐकायला उरला नव्हता, १९५९ सालीच गेला होता. १९७२ साली अमेरिकेच्या कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एन्टरटेनर ऑफ द इयर' हा मान बाईला पहिल्यांदा मिळाला, तो तिला. संततिनियमनाच्या गोळीवर तिनं गायलेलं 'द पिल' कंपनीनं बिचकत काही वर्षं दाबून ठेवलं. १९७५ साली ते बाहेर आलं, तेव्हा कितीतरी स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. तरी पहिल्या पाचांत गेलं.

या सगळ्या धामधुमीत विल्बर्न भावांशी तिचं फाटलं. ती बाहेर पडली, गाणी तिथंच राहिली. ती परत मिळवायला तिनं सुमारे तीस वर्षं झगडा केला. नाही मिळाली. पैशाचं सोड. नवं लिहिलं तर तेही त्याच कागदात अडकणार, म्हणून बाईनं लिहिणं जवळजवळ थांबवलं. जिच्याकडे लिहिण्यासारखं सगळ्यांत जास्त होतं, तिनं! २००४ साली, बहात्तराव्या वर्षी, तिनं एका रॉकवाल्या तरुणाला, जॅक व्हाइटला, हाताशी धरून अल्बम काढला. त्यातली जवळजवळ सगळी गाणी तिची स्वतःची, आणि त्याला ग्रॅमी मिळालं. मला त्या ग्रॅमीचा आनंद होण्याऐवजी मधली वर्षं मोजायची खोड लागलीय.

तिच्याच पंथातली दुसरी, डॉली पार्टन. टेनेसीतली, बारा भावंडांतली, तेवढीच गरीब. हिनं विशीतच मामाच्या जोडीनं स्वतःची प्रकाशन कंपनी काढली होती. १९७४ साली हिचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' गाजलं आणि रॉक-अँड-रोलचा बादशहा एल्व्हिस प्रेस्ली, त्याला ते गावंसं वाटलं. एल्व्हिस! मग त्याच्या मॅनेजरचा निरोप आला, प्रकाशनहक्कांतला अर्धा हिस्सा द्यावा लागेल. तिनं नाही म्हटलं आणि रात्रभर रडली. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं सिनेमासाठी गायलं आणि ते जगभर वाजलं. हक्क पूर्ण डॉलीकडे होते. नाही म्हणताना तिला हे पुढचं ठाऊक नव्हतं, हे विसरू नकोस. तेव्हा तिच्या हातात फक्त रडणं होतं.

माझंही सांगतो, नाहीतर म्हणशील काका लांबचीच उदाहरणं देतात. कॅसेटच्या काळात एका कंपनीसाठी मी आठ भक्तिगीतांना चाली लावल्या. एकरकमी तीन हजार रुपये, शाल, श्रीफळ. मालक देवमाणूस, जेवायला घरी नेलं. मी वाढलेल्या ताटासमोर सही केली. त्यातलं एक गाणं अजून प्रत्येक यात्रेत लाउडस्पीकरवर लागतं. गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या गणपतीत लागलं, तेव्हा शेजारचा मुलगा मला म्हणाला, "काका, अशी चाल तुम्ही का नाही बांधत?"

आता तुझा कागद. तुझ्या रेकॉर्डिंगवर कंपनीनं खर्च केलाय, त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क त्यांनी घेतला तर भांडू नकोस. पण शब्द आणि चाल ही वेगळी चीज आहे. कलम पाचमध्ये तिन्हीची एकत्र मोट बांधलीय. ती सोडवून मागायची. 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द उगाच आलेले नाहीत. मुदत लिहिली नसती तर आपल्या कायद्यानं पाच वर्षं धरली असती, आणि प्रदेश लिहिला नसता तर फक्त भारत. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, दिला तरी टिकत नाही. 'रॉयल्टीवरील हक्क सोडत आहे' ही ओळ म्हणूनच खोडून टाकायला सांग. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सभासदत्व घे, मुंबईला जाशील तेव्हाच अर्ज कर. ध्रुवपद आजीच्या ओवीचं आहे, कडव्यांची चाल तुझी. तेही लिहून घे. ओवीचा मालक तू नाहीस, आणि ते तर मुळीच नाहीत.

आणि पान चार, कलम सात. 'कलाकार यापुढे रचेल त्या सर्व रचना.' मी तिथं पेन्सिलीनं इतकी जोरात रेघ मारली की पाठीमागं उमटलीय. एका गाण्याच्या रेकॉर्डिंगपायी न लिहिलेली गाणी कोण मागतं गं? हे कलम पूर्ण गेलं पाहिजे. कमी करून नाही. गेलंच पाहिजे.

उपकार फेडायचा असेल तर त्यांच्या दोन कार्यक्रमांत फुकट गा, मालकाच्या मुलीच्या लग्नात गा, दिवाळीला घरचे करंजी-लाडू ने. सही ही फेडायची वस्तू नाही. आणि ती माणसं खरंच चांगली असतील तर कलम सात काढायला सांगितल्यावर रागावणार नाहीत.

गाण्याबद्दल एकच. नऊ कडवी फार होतात. लॉरेटानंही बापाच्या गाण्यात भरमसाट लिहिलं होतं, निर्मात्यानं कापायला लावलं. मुकादमाची दोन कडवी काढ, राग आलाय तुला पण गाणं तिथं अडतं. कोयत्याच्या कडव्याला हात लावू नकोस. काढलेली मात्र फाडून टाकू नकोस, वहीत तारीख घालून ठेव.

करार याच पाकिटातून परत पाठवतोय. तालुक्याला माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, त्या पैसे घेणार नाहीत, पण तू विचार. मुंबईवाल्यांचा फोन आला तर सांग, काका वाचतायत. रविवारी दुपारी चारनंतर फोन कर, सकाळी भजनी मंडळाची तालीम असते आणि पेटीचा भाता परत फाटलाय.

तुझा,
काका