मटमध्ये ईमेल लिहिताना फाईल जोडायची कुठे? दोनदा नुसतंच पत्र गेलं

तुमचा प्रश्न वाचला. टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणारा मट हा ईमेलचा प्रोग्राम नुकताच वापरायला घेतलाय, पत्र लिहिताना फाईल जोडायची जागा सापडत नाही, आणि ‘सोबत जोडले आहे’ असं लिहूनही दोनदा कोरंच पत्र गेलं. हे दोन्ही माझ्याही वाट्याला आलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी यावल तालुक्यातला. घरची केळी आहे आणि भावाच्या केळीच्या गाड्यांचा हिशेब मीच बघतो. गावात रेंज कमी-जास्त होते, लॅपटॉप जुना आहे, म्हणून मेलसाठी मट धरला. जळगावच्या कर सल्लागारांना मी एकदा लिहिलं, ‘सोबत सात बिलं आणि बिल्ट्या जोडल्या आहेत.’ (बिल्टी म्हणजे गाडीत भरलेल्या मालाची पावती.) पत्र गेलं, मी लग्नाला गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, ‘भाऊ, बिलं कुठे आहेत?’ तोवर विवरणाची तारीख निघून गेली होती. विलंब शुल्क भावाला भरावं लागलं आणि ते मला फार लागलं, कारण चूक सर्वस्वी माझी होती.

आता जागा. तुम्ही व्हिम किंवा नॅनोमध्ये मजकूर लिहिता तेव्हा तुम्ही मटमध्ये नसताच, एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये असता. तिथे जोडायचं बटण शोधलं तर कसं सापडणार! मजकूर सेव्ह करून एडिटरमधून बाहेर पडलात की मटचा पडदा येतो. वर कोणाला, विषय वगैरे आणि खाली जोडलेल्या गोष्टींची यादी. तिथे लहान ए दाबा, फाईलचा पत्ता विचारला जाईल. पत्ता पाठ नसेल तर प्रश्नचिन्ह दाबा, फोल्डर उघडेल. तिथे टी दाबून एकेका फाईलवर खूण करत जा आणि मग एखाद्या फाईलवर उभं राहून एंटर दाबा, सगळ्या एकदम जोडल्या जातात. सात बिलं एकेक करून जोडायची गरज नाही. चुकीची फाईल आली तर तिच्यावर जाऊन मोठा डी दाबला की ती यादीतून निघते. तुमच्या डिस्कवरची मूळ फाईल जागेवरच राहते. लहान डी वेगळा, त्याने फाईलचं वर्णन लिहिता येतं. सगळं बघून झालं की वाय, पत्र जातं.

वाय दाबण्याआधी पडद्यावरची अदमासे आकार आणि संख्या दाखवणारी ओळ वाचायची सवय लावा. संख्येत तुमचं पत्रही धरलेलं असतं. म्हणजे 1 दिसलं तर नुसतं पत्र, सात फाईली असतील तर 8 दिसायला हवेत. आकारही बघाच. फाईल मेलमधून जाताना बेस64 नावाच्या अक्षरी रूपात बदलते, तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे ओझं सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, तेव्हा 18 एमबीपर्यंतच्या फाईली कशाबशा बसतात. 20 एमबीचे घडांचे फोटो मेलने पाठवायला जाऊ नका.

आता विसरण्यावरचा उपाय, आणि मला खरं सांगायचंय ते हेच. मटमध्ये अबॉर्ट_नोअटॅच नावाची सोय आहे (अगदी जुन्या आवृत्तीत नाही). पत्रात जोडल्याचा उल्लेख असेल आणि फाईल एकही नसेल तर मट तुम्हाला अडवतो. मुळात ती बंद असते. सुरू केली तरी तो शोधतो इंग्रजी ‘अटॅच’ हा शब्द. आपण मराठीत लिहिणारे, आपल्या पत्रात तो शब्द येणार कुठून? मग अडवणारही कोण?

म्हणून मटआरसी या मटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये दोन ओळी घाला. पहिलीत अबॉर्ट_नोअटॅचची किंमत आस्क-यस करा. दुसरीत अबॉर्ट_नोअटॅच_रेजएक्सपीला अवतरणचिन्हांत ‘जोड|सोबत|अटॅच’ द्या, मधे उभी रेघ. सेटिंगची नावं आणि आस्क-यस रोमन अक्षरांत, शब्द देवनागरीत, फाईल यूटीएफ-8 या अक्षर-संकेतात सेव्ह करा. इंग्रजीतही पत्रं लिहीत असाल तर रोमनमधला ‘अटॅच’ही ठेवा. नुसतं ‘जोड’ द्यायचं कारण असं की जोडले, जोडली, जोडल्या, जोडत आहे, सगळ्यांच्या पोटात ते येतं. तुम्ही निओमट (मटवरूनच बनवलेला प्रोग्राम) वापरत असाल तर सेटिंगच्या नावातलं शेवटचं पी काढा.

आता ‘सोबत’ लिहून रिकामं पत्र पाठवू गेलात की मट विचारतो, थांबवू का? घाईत नुसता एंटर दाबला तरी पत्र थांबतं. ‘मुलांसोबत येतो’ असं लिहिलंत तरी विचारेल, तेवढा त्रास मी आनंदाने सोसतो.

दुसरी युक्ती, मटआरसीतच एडिट_हेडर्स ही सेटिंग सुरू करा. मग एडिटरमध्येच वरच्या ओळींत रोमनमध्ये अटॅच, कोलन आणि फाईलचा पत्ता लिहिता येतो. मी आता आधी ही ओळ लिहितो, मग ‘सा. न. वि. वि.’ लिहितो. फाईलच्या नावात मोकळी जागा असेल तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघ द्या.

एक जपा. जोडलेली फाईल पत्र निघेपर्यंत मूळ जागीच राहू द्या. मधेच हलवली तर पाठवताना मट ती सापडत नाही म्हणतो. आणि ‘चोपडा बिल्टी’ असं देवनागरी नाव काही जणांकडे विचित्र चिन्हांत दिसतं. अशा वेळी यादीत त्या फाईलवर कंट्रोल-ओ दाबून पाठवण्यापुरतं रोमन नाव द्या, तुमच्याकडचं नाव तेच राहतं.