रॅम्पवरचा सिग्नल : थांबायचे कुणी आणि वेळ वाचायचा कुणाचा?

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत मिनियापोलिसला तीन महिने राहून आलो. तिथे हायवेला लागण्याच्या रॅम्पवर सिग्नल असतात. एका हिरव्याला एकच गाडी सुटते. पुढे रस्ता मोकळा दिसतोय आणि आपण ताटकळत उभे! असे सिग्नल साताऱ्यात बसवले तर फायदा होईल, की नुसते डिझेल जळेल?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : तुम्ही नेमक्या गावी जाऊन आलात. तिथल्या लोकांचाही हाच वैताग होता. शेवटी विधिमंडळानेच फर्मावले, बंद करून बघा. २००० सालच्या ऑक्टोबरपासून मिनियापोलिस-सेंट पॉलचे सुमारे ४३० रॅम्प-सिग्नल सहा आठवडे बंद राहिले. हायवेवरचा प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला, अपघात २६ टक्क्यांनी वाढले आणि तेवढ्याच रस्त्यावरून जाणारी वाहतूक ९ टक्क्यांनी घटली.

असे का, ते पेरणीच्या वेळी पाभरीच्या मागे चाललेल्या बाईला विचारा. बी चाड्यात, म्हणजे पाभरीवरच्या वाटीत, ओंजळीने ओतले की नळी तुंबते. मुठीतून सुटे सुटे सोडले की सरळ उतरते. दहा गाड्या एका गठ्ठ्याने घुसल्या की मागचे ब्रेक दाबतात, त्यांच्या मागचे आणखी जोरात दाबतात, आणि एकदा मोडलेली लय तासभर सावरत नाही. तुम्हाला रस्ता मोकळा दिसला तो त्या सिग्नलमुळेच.

डिझेलची शंका मात्र रास्त. रॅम्पवर उभ्या गाड्यांमुळे इंधन जास्तच जळते, असे त्याच पाहणीत निघाले. लोकांच्या तक्रारीही वाया गेल्या नाहीत : सिग्नल परत लावताना शहरातल्या रॅम्पवर चार मिनिटांहून जास्त थांबवायचे नाही, असे ठरले.

आता सातारा. चार सेकंदांना एक गाडी सोडली तर तासाला ९०० होतात. पण गाडी थांब्यापासून निघून हायवेच्या वेगाला पोचेल एवढी लांबी पुढे हवी. गेल्या जानेवारीत शेंद्र्याजवळ सर्व्हिस रोडच्या तोंडाशी मी घड्याळ लावून उभा होतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर पूर्ण आत यायला २१ सेकंद लागले. मागच्या कंटेनरने करकचून ब्रेक मारला. तेवढ्यात डाव्या हाताने, म्हणजे उलट्या बाजूने, दोन मोटारसायकली गेल्या. त्यांना कुठला सिग्नल अडवणार? शिवाय ट्रॅक्टरला मुद्दाम थांबवून पुन्हा उचलायला लावणे म्हणजे आजार नसताना इंजेक्शन.

दुसरा हिशेब आपल्याकडे कुणी मांडत नाही. रांगेत थांबणार गोडोलीचा माणूस, वेळ वाचणार पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्याचा. हायवे रोज ठराविक वेळी आणि गावातून चढणाऱ्या गाड्यांमुळेच तुंबत असेल, तर हा सौदा परवडतो. आपल्याकडची कोंडी मला तरी बहुतेक वेळा रस्त्याच्या कामाची, बंद पडलेल्या ट्रकची किंवा सुट्टीच्या गर्दीची दिसते. मी आधी आत शिरण्याची लेन लांबवीन आणि ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावायला लावीन.

तरी माझे ऐकून गप्प बसू नका. सोमवारी सकाळी नऊ ते दहा तुमच्या रॅम्पजवळ सुरक्षित जागी उभे राहून किती गाड्या चढल्या आणि कितींमुळे मागच्याला ब्रेक दाबावा लागला, ते वहीत टिपा. वही पाठवा, बेरीज मी करतो.