औषधालयात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करत असताना अर्धवेळ शिकवणे जमेल का?

जमेल, मात्र नोकरीच्या ठिकाणी लेखी परवानगी आधीच घ्यावी आणि सुरुवातीला आठवड्यातून एकच वर्ग स्वीकारावा, कारण नव्या विषयाच्या एका तासामागे तयारीचे दोन तास सहज जातात. रात्रपाळीनंतरचा सकाळचा वर्ग तर घेऊच नये.

तुमची खरी ताकद रोज हाताखालून जाणाऱ्या कामात आहे. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध असलेल्या द्रावणातून ४०० मिलिग्रॅमची मात्रा काढायला सांगितली, तर ८ मिलिलिटर हे उत्तर विद्यार्थी कागदावर लगेच देतात. परंतु तेवढेच द्रावण सिरिंजमध्ये घेऊन, हवेचा बुडबुडा काढून, डोळ्यांच्या पातळीवर धरून मोजायला सांगितले की हात अडखळतो, आणि शिकवण्याची जागा नेमकी तीच असते. ‘५.०’ मधला दशांशबिंदू पुसट झाला तर ते ५० असे वाचले जाते, म्हणून पूर्ण संख्येनंतर बिंदू आणि शून्य लिहू नये, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवते.

प्रत्यक्ष रुग्णांच्या चिठ्ठ्या मात्र वर्गात कधीही नेऊ नयेत. नाव खोडले तरी औषधांवरून रुग्ण ओळखू येऊ शकतो. सरावासाठी चिठ्ठ्या स्वतःच तयार कराव्यात.