डेव्हिड लेंगचं पोट कशावर चालत होतं?

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इतिहास विषय. जुनी पत्रं, हस्तलिखितं संपादित करायची म्हणते. डेव्हिड लेंग नावाच्या स्कॉटिश संपादकाचं उदाहरण देते. यात पोट भरेल का? बी.एड. करावं असं आम्हाला वाटतं. – एक पालक, सांगली

उत्तर : मुलीनं उदाहरण चांगलं निवडलंय; त्यातला नोकरीचा भाग तेवढा तिला सांगा.

लेंग १७९३चा, एडिंबरातल्या पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. कोवळ्या वयातच वडिलांच्या दुकानात लागला, पुढे भागीदार झाला. पुस्तकं धुंडाळत युरोपभर फिरला. जुना कागद पारखायची नजर त्याला तिथं मिळाली, कॉलेजात नव्हे. १८२३मध्ये कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं जुनं स्कॉटिश साहित्य छापण्यासाठी बॅनटाइन क्लब काढला, त्याचा चिटणीस लेंगच. १८६१मध्ये क्लब बंद होईपर्यंत. विल्यम डनबार या जुन्या स्कॉटिश कवीच्या कविता त्यानं १८३४मध्ये दोन खंडांत आणल्या.

पण क्लबाची पुस्तकं निघायची मोजक्या सभासदांसाठी. त्यावर कुणाचं घर चालणार? आधी दुकान होतं. चाळिशी उलटल्यावर, १८३७मध्ये, तो एडिंबरातल्या वकिलांच्या सिग्नेट लायब्ररीचा ग्रंथपाल झाला आणि १८७८मध्ये वारला तोवर त्याच पदावर होता. सतराव्या शतकातला धर्मोपदेशक रॉबर्ट बेली याची पत्रं तीन खंडांत आणि स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या लेखनाचे सहा खंड (१८४६ ते १८६४) ही कामं या नोकरीतली. नुसत्या नॉक्सला अठरा वर्षं! मागे पगार नसता तर एवढी सबुरी कुणाला परवडली असती?

म्हणून मी संपादनाला नोकरी म्हणत नाही. नोकरी कागदांच्या जवळची हवी. पदवीनंतर बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करता येते. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. एम.ए. करून नेट दिली तर प्राध्यापकीची वाट खुली राहते. सरकारी पुराभिलेखागारातल्या जागा कमी आणि जाहिराती तुरळक, हेही स्पष्ट सांगतो. बी.एड.ला माझा विरोध नाही. पण शाळेच्या वेळापत्रकात पुण्याच्या पेशवे दफ्तरात जाऊन बसायला सुट्ट्याच तेवढ्या उरतात.

तिला मोडी येते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल तर कुठलाही अर्ज भरण्याआधी मोडीचा वर्ग लावा. राज्याचा पुराभिलेख विभाग असे वर्ग घेतो. सहा महिने रोज एक जुनं पत्र तिनं वाचून उतरवून काढावं. तेव्हाही गोडी टिकली, तर बी.लिब.चा अर्ज मागवा.